उजव्या हातावरचा नॅपकिन

हेड वेटर हा समाजाच्या अब्रूचा शेवटचा पहारेकरी असतो, असं माझे वडील मानत. समाजाला याची कल्पना नव्हती. समाज त्यांना टेबलावर चमचा वाजवून बोलवायचा.

"पहिल्यांदाच आलात वाटतं, साहेब, आमच्याकडं?"

हा प्रश्न अण्णांनी एका रविवारी दुपारी, मिरजेतल्या हॉटेल न्यू चंद्रलोकच्या फॅमिली सेक्शनमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलाशी अदबीनं उभं राहून विचारला. टेबलाशी आम्ही चौघं होतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर शिरगावकरसाहेब, त्यांच्या पत्नी, त्यांचा मुलगा हेमंत, ज्याच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं, आणि मी.

मी म्हणजे शैला ज्ञानदेव तोडकर. प्रश्न विचारणाऱ्या ज्ञानदेव तोडकरांची एकुलती एक मुलगी.

न्यू चंद्रलोकमध्ये अण्णांना तोडकर कुणी म्हणत नसे. (जुनं चंद्रलोक कुठं होतं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.) तिथं ते कॅप्टन होते. हॉटेलच्या धंद्यात हेड वेटरला कॅप्टन म्हणतात. हाताखाली पाच-सहा वेटर, अंगात काळा कोट, गळ्यात काळा बो आणि डाव्या हातावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन. मिरजेच्या एप्रिलमध्येसुद्धा तो कोट उतरत नसे. घरी अण्णा म्हणजे बनियनवर बसून पेपर वाचणारे, उंचीनं बेताचे, पाहुण्यांसमोर शब्द न सापडणारे गृहस्थ होते. कोट चढला की ते उंच दिसत आणि त्यांच्या तोंडून आपोआप पुण्याची मराठी यायला लागे.

अण्णांचा एकच धर्म होता. ओळख गिऱ्हाइकानं द्यायची, आपण नाही.

"का?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"अगं, माणूस हॉटेलात येतो तो घरचा राहिलेला नसतो," अण्णा म्हणाले होते. "डॉक्टर येतात. पेशंटचं तेल-तूप तोडून इथं मटण मसाला खातात. हेडमास्तर येतात, त्यांना बिअर स्टीलच्या पेल्यात लागते. आपण 'काय सर, नेहमीचं का?' म्हटलं, आणि शेजारच्या टेबलावर शाळेतला पालक असला, म्हणजे?"

एक वकील तर एका आठवड्याला पत्नीला आणि दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्या एका बाईंना घेऊन येत. दोन्ही वेळा अण्णा त्यांना खुर्ची देत आणि विचारत, "पहिल्यांदाच आलात वाटतं?" हा प्रश्न म्हणजे अण्णांनी अर्धं उघडून ठेवलेलं दार होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "छे हो कॅप्टन, विसरलात का?" की ओळख झाली. मग अण्णा पोराबाळांची चौकशी करत, नेहमीचं टेबल देत. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "हो, पहिल्यांदाच," की अण्णा डाव्या हातावरचा नॅपकिन उचलून उजव्या हातावर टाकत. झालं. नॅपकिन उजवीकडं गेला की वेटरपासून गल्ल्यावरच्या रामण्णा शेटपर्यंत अख्ख्या हॉटेलानं त्या माणसाला कधीच पाहिलेलं नसे. वकिलांचा संसार त्या नॅपकिनवर चालला होता.

मी लहानपणी भातुकली खेळले नाही. मी कॅप्टन-कॅप्टन खेळले. आई ताटावर बसली की मी हातावर फडकं टाकून विचारायची, "पहिल्यांदाच आलात वाटतं?" आई म्हणायची, "कुठलं बाई, रोज इथंच मरतेय." ओळख पटायची.

हेमंत माझ्याच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. मी अर्थशास्त्र शिकवायची. आमचं जमलं तेव्हा मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "माझे वडील हेड वेटर आहेत."

"मग?" हेमंत म्हणाला. "काम कुठलंही हलकं नसतं, शैला."

हे तो नुसतं म्हणायचा नाही. कॉलेजच्या श्रमदान शिबिरात दरवर्षी याच विषयावर त्याचं व्याख्यान असायचं. व्याख्यानानंतर त्याचा फावडं धरलेला फोटो निघायचा. फावडं दरवर्षी नवं असायचं. एका मंगळवारी, अण्णांच्या सुट्टीच्या दिवशी, तो आमच्या घरीही येऊन गेला होता. अण्णांनी बनियनवर शर्ट चढवून स्वतः चहा केला. हेमंतनं वाकून नमस्कार केला. अण्णा इतके गोंधळले की त्यांनीही वाकून नमस्कार केला.

घरी मात्र हेमंतनं सांगितलं होतं, "मुलीचे वडील हॉटेल लाइनमध्ये आहेत." त्यावर शिरगावकरसाहेबांनी आपल्या मनानं एक हॉटेल बांधून घेतलं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "तुमचं लॉजिंग-बोर्डिंग आहे, की नुसतं जेवणाचं?"

"नाही हो, आमचं नाही, अण्णा तिथं—" मी म्हणाले, तेवढ्यात हेमंतनं चिवड्याची बशी माझ्या हातात दिली आणि पावसाचा विषय काढला. पाऊस नव्हता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हेमंत, हे आजच्या आज सांगायला हवं."

"सांगू की. आपण योग्य वेळ बघून सांगू."

योग्य वेळ मी बघितली. पुढच्या रविवारी तुम्हा सगळ्यांना जेवायला मी नेणार, हॉटेल मी निवडणार, असं मी शिरगावकरांच्या घरी जाहीर केलं. माझ्या डोक्यात चित्र अगदी स्वच्छ होतं. बनियनमधले अण्णा कुणाला समजले नसते. पण काळ्या कोटातले अण्णा, चार टेबलांवर एकाच वेळी नजर ठेवणारे, रडणाऱ्या पोराला पापडाचा तुकडा देऊन गप्प करणारे, भांडणाऱ्या नवरा-बायकोत सूप आणून ठेवणारे अण्णा एकदा यांना बघू देत. मग मी उठून म्हणेन, हे माझे वडील. पुढं कुणाला काही विचारावं लागणार नाही.

अण्णांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली असती. हेमंतला सांगितलं नाही, कारण त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. गाडी न्यू चंद्रलोकच्या पाटीसमोर थांबली, आणि हेमंत म्हणाला, "इथं? इथं नको. इथं पार्किंग नाही."

"अरे, समोर एवढं मैदान पडलंय," साहेब म्हणाले.

"ते खासगी आहे बाबा."

"त्यात तीन बैल बसलेत, हेमू. आपली एक गाडी काय जड झाली?"

"वास तर छान येतोय हो," बाई म्हणाल्या, आणि उतरल्यासुद्धा.

आत शिरताच सगळ्यांत आधी मला गोपाळनं पाहिलं. गोपाळ म्हणजे अण्णांचा सगळ्यांत जुना वेटर. त्यानं मला सायकल शिकवली होती. त्याच्या तोंडून "अगं शै—" एवढं निघालं. त्याच्या पाठीमागून अण्णा आले. मला बघून अण्णांचा चेहरा उजळला, तो घरचा चेहरा. कोटावर तो चेहरा मी आधी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी माझ्या मागं उभी असलेली तीन माणसं पाहिली. साहेबांना पाहिलं, बाईंच्या गळ्यातलं पाहिलं, आणि शेवटी हेमंतकडं पाहिलं.

हेमंत भिंतीजवळच्या माशांच्या टाकीकडं बघत होता. अगदी रमून. टाकीत मासे नव्हते. ते मेल्याला दोन वर्षं झाली होती.

अण्णांनी गोपाळला डोळ्यानं गप्प केलं. कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. बाईंची खुर्ची मागं ओढून दिली. मी "अण्णा—" म्हणत पुढं झाले.

"हॉटेलात सगळ्यांना अण्णाच म्हणतात, नाही?" बाई म्हणाल्या. "आमच्या कॉलनीतल्या इडलीवाल्यालासुद्धा आम्ही अण्णाच म्हणतो."

आणि मग अण्णांनी तो प्रश्न विचारला. "पहिल्यांदाच आलात वाटतं, साहेब, आमच्याकडं?" 'साहेब' म्हणताना सगळ्यांना वाटलं ते शिरगावकरसाहेबांना विचारतायत. पण अण्णांची नजर हेमंतवर होती. दार अर्धं उघडं होतं.

हेमंत म्हणाला, "हो. पहिल्यांदाच."

 अण्णांनी डाव्या हातावरचा नॅपकिन उचलून उजव्या हातावर टाकला.

त्यानंतर मी ज्या हॉटेलात वाढले, त्या हॉटेलानं मला ओळखायचं थांबवलं. बघता बघता. रामण्णा शेट मला दिसलं की गल्ल्यावरून मूठभर बडीशेप द्यायचे. त्यांची नजर माझ्यावरून पंख्याकडं गेली आणि तिथंच राहिली. स्वैपाकघराच्या खिडकीतून डोकावलेलं आचाऱ्याचं डोकं आत गेलं. गोपाळ आला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाणी साधं का बाटलीचं, मॅडम?"

"गोपाळकाका," मी हळूच म्हटलं.

"बाटलीचंच आणतो," गोपाळ म्हणाला आणि पळाला.

मी हार मानणार नव्हते. पण माझ्यासमोर मिरजेतला सगळ्यांत चांगला कॅप्टन उभा होता, आणि त्यानं ठरवलं होतं की मी तोंड उघडायचं नाही. मी चमचा मुद्दाम खाली पाडला. अण्णा उचलायला वाकतील, मी त्यांच्या कानात सांगेन, असा बेत. चमच्याचा आवाज विरायच्या आत माझ्यासमोर बशीत नवा चमचा होता आणि खाली गोपाळ वाकला होता. मी सूपबद्दल तक्रार केली. तक्रार असली की कॅप्टनला गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं, "सॉरी मॅडम," म्हणाले आणि वाटी घेऊन गेले. आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं आणि पहिल्यांदा सॉरी म्हटलं, दोन्ही एका दमात.

"बिचाऱ्याला उगीच बोललीस," बाई म्हणाल्या. "सूप चांगलं होतं की."

मी हात धुवायच्या निमित्तानं उठायला लागले. बेसिन स्वैपाकघराच्या दाराशी होतं, तिथं त्यांना गाठता आलं असतं. मी खुर्ची सरकवली तोच अण्णा कोमट पाण्याचा फिंगर बोल घेऊन हजर. लिंबाची फोड घातलेला. जेवण अजून यायचं होतं. फिंगर बोल शेवटी येतो, हे मला दुसरीत असल्यापासून माहीत होतं. अण्णांना क्रम चुकवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्ताच?" साहेबांनी विचारलं.

"मॅडमच्या हाताला सूप लागलं होतं, साहेब," अण्णा म्हणाले.

"हे मात्र मानलं हां," साहेब म्हणाले. "काय सुचवाल आम्हाला? चांगलं काय आहे?"

"पनीर घ्या साहेब. आमच्याकडचं पनीर सांगली-कोल्हापूरकडनं खायला येतात लोक."

पनीर आलं. अण्णांनी स्वतः वाढलं. बाईंना वाढलं, साहेबांना वाढलं. हेमंतनं ताटाकडं बघतच "थोडंच" म्हटलं, त्याला थोडंच वाढलं. मग कांदा-लिंबाची बशी फिरवली. बाईंनी आपली फोड पिळली, पिळता पिळता त्यांचं लक्ष माझ्या ताटात गेलं आणि त्या थबकल्या.

"अय्या, हिच्या लिंबात बी नाही!"

खरंच नव्हती. बाकी तिघांच्या फोडींत होत्या. मला लिंबाची बी दाताखाली आलेली चालत नाही. घरी माझ्या ताटात लिंबू ठेवण्यापूर्वी अण्णा चाकूच्या टोकानं बिया काढतात. त्या दिवशीही त्यांच्या हातानं काढल्या होत्या. त्यांना स्वतःला ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी बशी जराशी मागं घेतली.

"स्पेशल सर्व्हिस!" साहेब हसले. त्यांच्या तोंडात पनीरचा तुकडा होता आणि बराच वेळ होता. "का हो कॅप्टन, आमच्या सुनेवरच मेहेरबानी?"

मी उभी राहिले.

"कारण हे माझे वडील आहेत," मी म्हणाले.

बोलताना माझा आवाज कापला नाही, याचं मला अजून समाधान आहे. साहेबांचं चावणं थांबलं. बाईंचा हात वाटीवर तसाच राहिला. गल्ल्याकडून नाणी वाजायची थांबली. मी हेमंतकडं बघितलं. आता त्यानं एवढंच म्हणायचं होतं, "हो बाबा, मी सांगणारच होतो." एवढंच. एखादं नुसतं "हो" चाललं असतं.

बोलले ते अण्णा. अगदी अलगद, पुण्याच्या मराठीत.

"वडिलांच्याच वयाचा आहे मी, साहेब," ते म्हणाले. "लेकीच्या वयाच्या मुली येतात, जीव लावतात. मॅडमचं मन मोठं आहे."

आणि हसले. गिऱ्हाइकाची जेवढी थट्टा असेल तेवढंच हसायचं, जास्त नाही, असं ते गोपाळला नेहमी सांगत. तेवढंच हसले.

त्या टेबलावर त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला तो हेमंत. इतका मोठ्यानं की शेजारच्या टेबलानं वळून बघितलं. "हिला ना, थट्टेची भारी सवय आहे, आई," तो म्हणाला.

"मेलं, घाबरलेच की मी!" छातीवर हात ठेवत बाई म्हणाल्या.

मी पुन्हा तोंड उघडलं. अण्णा बाईंच्या खुर्चीमागं उभे होते, त्यामुळं ते फक्त मलाच दिसत होते. त्यांनी मान हलवली. नको.  उजव्या हातावरचा नॅपकिन त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"कुल्फी आणू का, मॅडम?"

"आणा," मी म्हणाले आणि खाली बसले.

जेवण झाल्यावर साहेब आणि बाई पान खायला कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेले. मी आणि हेमंत मैदानात गाडीपाशी थांबलो. हेमंतच्या चेहऱ्यावर दाढ काढून आलेल्या माणसाचं सुख होतं.

"काय सांभाळून घेतलं गं तुझ्या वडिलांनी!" तो म्हणाला. "ग्रेट माणूस. खरंच ग्रेट. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर कितीतरी वाढला."

"त्यांच्यासमोर म्हणायचं होतंस."

"अगं, असं एकदम नाही सांगता येत. आईचा स्वभाव तुला माहीत नाही. हळूहळू सांगू."

"कधी?"

"लग्न होऊ दे. सगळं स्थिरस्थावर झालं की एखाद्या चांगल्या दिवशी."

"आणि लग्नात? कन्यादान कोण करणार? कॅप्टन?"

हेमंतनं यावर विचार केलेला होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. ते त्याला त्या क्षणी सुचलं नव्हतं.

"तुझे ते कराडचे काका आहेत ना," तो म्हणाला. "एस.टी.त कंट्रोलर. ते बसतील की. अण्णांची तब्येत बरी नाही असं सांगू. दम्याचं वगैरे. अण्णा समजून घेतील गं. बघितलंस ना आत्ता, किती समजूतदार आहेत!"

समोरून साहेब आणि बाई पान चघळत येत होते. साहेब अजूनही दातात अडकलेलं काहीतरी काढत होते. मी हेमंतकडं बघितलं. चांगला उंच, गोरा, शिकलेला मुलगा. अण्णांना फार आवडला होता.

"पहिल्यांदाच भेटलात वाटतं?" मी म्हणाले.

"काय?"

"विचारलं आपलं."

"शैला, हे काय आता? थट्टा पुरे." मग जरा घाईनं, "लोक बघतायत."

मी डाव्या खांद्यावरची पर्स काढली आणि उजव्या खांद्यावर घेतली. हेमंतला त्यातलं काही कळलं नाही. साहेबांना आणि बाईंना नमस्कार करून मी चालत घरी आले.

अण्णा दुपारच्या सुट्टीत, चारच्या सुमाराला घरी आले. कोट काढून खुंटीला लावला, बो काढून खिशात घातला, आणि बनियनवर पलंगाच्या कडेला बसून त्यांनी अगदी हळू विचारलं, "जमलं ना?"

आई आत चहा टाकत होती.

"सर्व्हिस कशी वाटली म्हणाले?"

"उत्तम म्हणाले."

"अन् पनीर?"

"पनीरचं काही बोलले नाहीत."

अण्णा जरा अस्वस्थ झाले. "बोलले नाहीत म्हणजे?"

"अण्णा," मी म्हणाले, "ओळख गिऱ्हाइकानं द्यायची, हा नियम तुमचाच ना? मी दिली होती. भर टेबलावर उभं राहून दिली होती. तुम्ही घेतली नाहीत."

अण्णा आपल्या तळहातांकडं बघत राहिले. लिंबाचा वास अजून असणार.

"तू कुठं गिऱ्हाईक होतीस?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक तो होता. तो पहिल्यांदा म्हणाला, म्हणजे पहिल्यांदा. त्यानं नाही म्हटल्यावर मी हो म्हणून तुझं घर मोडू? बाई काय म्हणाली ऐकलंस ना? घाबरली ती. एवढ्या मोठ्या घरातली बाई, आपल्याला घाबरली." हे त्यांना जरा नवलाचं वाटलं होतं. "जाऊ दे. तिथं नांदायला लागलीस की मंगळवारी येऊन जात जा. मंगळवारी मी घरी असतो."

आठवड्यानं मी घरात सांगितलं, शिरगावकरांकडून नकार आला. मी मोडलं, असं सांगितलं असतं तर अण्णा कोट घालून त्यांच्याकडं माफी मागायला गेले असते.

आई रडली. अण्णा म्हणाले, "का? कारण काय दिलं?"

मी कारणाची तयारीच केली नव्हती. खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या गप्प बसण्यातून अण्णांनी ते स्वतःच शोधून काढलं.

"पनीर," ते म्हणाले. "पनीर वातड होतं. मला तेव्हाच शंका आली होती. साहेब एक तुकडा किती वेळ चघळत होते! गडबडीत मी बोट लावून बघितलं नाही."

"अण्णा, पनीरनं कुणी लग्न मोडतं का?"

"तुला धंदा माहीत नाही," अण्णा म्हणाले.

त्यांनी आचाऱ्याशी बोलणं टाकलं. त्या दिवसापासून पनीरची प्रत्येक प्लेट टेबलावर जाण्याआधी ते एक तुकडा बोटानं दाबून बघत. आईला, शेजाऱ्यांना, कराडच्या काकांना, सगळ्यांना सांगत, "शैलूचं एवढं सोन्यासारखं स्थळ, माझ्या एका पनीरपायी गेलं." मी पुढं लग्न केलं नाही, त्याला पनीरखेरीज इतरही कारणं होती, पण अण्णांच्या हिशेबी एकच. दर दिवाळीला ते मला नवी साडी आणत आणि देताना नजर चुकवत.

मधे काही वर्षं गेल्यावर एका संध्याकाळी ते घरी येऊन कोट न काढताच बसले.

"तो आला होता," म्हणाले. "बायको होती. मुलगा होता, टाकीकडं बोट दाखवून मासे कुठं म्हणून विचारत होता."

"मग?"

"मी विचारलं, पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला. पहिल्यांदाच." अण्णांनी बो सोडवला. "परत."

"आणि नॅपकिन?"

अण्णांनी उजवा हात जरासा उचलून दाखवला. बो खिशात घालत म्हणाले, "पनीरच दिलं त्याला. मऊ होतं एकदम. लोण्यासारखं." आणि मग, "त्या दिवशी असं असतं तर..."

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मैदान, गाडी, कराडचे काका, दमा, पर्स. "नकार त्यांचा नव्हता, अण्णा. माझा होता. तुमच्या पनीरचा काही संबंध नाही. मीच मोडलं."

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जसं ते तक्रार ऐकून घेत. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझं मन राखायला बोलतेस," ते म्हणाले. "मी तीस वर्षं हेच बघतोय, शैलू. चांगलं गिऱ्हाईक तोंडावर कधी सांगत नाही. नुसतं पुन्हा येत नाही."

मी पुष्कळ समजावलं. शप्पथ घेतली. ते मान हलवत राहिले, "हो हो," म्हणत राहिले, गिऱ्हाइकाला म्हणत तसं. आणि पनीर दाबून बघणं त्यांनी रिटायर होईपर्यंत सोडलं नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांच्या लेखी माझ्या लग्नाचा गुन्हेगार ठरलेला होता, आणि तो मी नव्हते, हेमंतही नव्हता. न्यू चंद्रलोकच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. त्या टेबलावर बसलेल्यांपैकी कोण काय खरं बोललं आणि कोण काय खोटं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात एका बाबतीत मात्र अण्णांचं चुकलेलं नव्हतं.

पनीर त्या दिवशी खरंच वातड होतं.